जेरुसलेमच्या जुन्या शहरात जाणार असाल तर हे वाचून जा

डिसेंबर २०१९ ची गोष्ट. आई आणि मी इस्रायलमधल्या अश्दोदला ठाण्याच्या एका मित्राच्या मावशीकडे उतरलो होतो. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळची अलिबागकडची, तिकडे जाऊन किती वर्षं झाली तरी घरात मराठीच. ती सोबत यायला निघाली होती पण मीच शहाणपणा केला, म्हटलं मावशी तुमचे गुडघे दुखतात, आम्ही जाऊ बसने.

याफा गेटमधून आत शिरलो आणि पाच मिनिटांत एकाने गाठलं. "इंडिया? अमिताभ बच्चन!" गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, इंग्रजी झकास. नको म्हटलं तरी बाजूने चालत राहिला आणि फुकट माहिती सुरू. आत्ताची तटबंदी ऑटोमन सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ मध्ये बांधली, आत मुस्लिम, ख्रिश्चन, ज्यू आणि आर्मेनियन असे चार भाग, सगळं मिळून एक चौरस किलोमीटरही नाही. आदल्या रात्री मी नेमकं हेच वाचलं होतं त्यामुळे माणूस खरा वाटला. मग होली सेपल्कर चर्चची (येशूला पुरलं ती जागा इथेच असं मानतात) गोष्ट काढली, आत ख्रिश्चनांचे वेगवेगळे पंथ, त्यांची आपसात भांडणं, म्हणून दाराची किल्ली शेकडो वर्षं मुस्लिम घराण्याकडे. हेही खरंच आहे. आणि याच्यावरच हळूच म्हणाला, मी त्याच घराण्यातला. झालं, आई हात जोडायचीच बाकी होती.

चर्चच्या अलीकडच्या गल्लीत त्याने 'एन्ट्री फी' म्हणून माणशी ५० शेकेल घेतले, म्हणजे तेव्हाचे दोघांचे मिळून २००० रुपये. दारात कुणीच तिकीट विचारलं नाही, तर मला वाटलं वा, घरचा माणूस बरोबर आहे म्हणून सोडलं! (हसा.) आत गेल्या गेल्या ती शिळा आहे, येशूचं शव तिच्यावर ठेवून तेल लावलं असं मानतात, बायका तिच्यावर रुमाल, ओढण्या घासून घेत होत्या, आईनेही आपला रुमाल टेकवला. तेवढं मात्र कुणी लुबाडू शकलं नाही.

नंतर मी म्हटलं अल अक्सा मशिदीचं आवार बघायचंय. तर म्हणे आज मुस्लिम नसलेल्यांना बंद. वार मंगळवार. खरं म्हणजे वेस्टर्न वॉल या ज्यूंच्या पवित्र भिंतीच्या शेजारी लाकडी पूल आहे, त्यावरून मुघ्राबी गेटने रविवार ते गुरुवार ठरावीक तास सोडतात, पैसे लागत नाहीत. त्या वेळात आम्ही कुठे? त्याच्या 'चुलतभावाच्या' दुकानात पुदिन्याचा चहा पीत. भावाने पेटीतून रोमन काळातलं नाणं काढलं, आजोबांना शेतात सापडलेलं म्हणे, बरोबर शिक्का मारलेला कागद. घासाघीस करत 'सिक्स्टी' वर आलो. सकाळपासून सगळं शेकेलमध्ये चाललेलं, मी कार्ड दिलं, मोबाईलवर मेसेज आला ६० डॉलर. म्हणजे चार हजारांच्या वर! भांडलो, तो शांतपणे म्हणतो मी सिक्स्टीच म्हणालो होतो. मागे वळून बघतो तर गाईड गायब.

सगळे तसे नाहीत हं, शेजारच्याच दुकानदाराने आईला बसायला स्टूल दिलं आणि मला सांगितलं की लायसन्सवाला गाईड आधी लायसन्स दाखवतो आणि पैसे किती, कशात, हे चालायला लागायच्या आधी ठरवतो. याफा गेटच्या आतच टुरिस्ट इन्फर्मेशनचं ऑफिस आहे, आम्ही त्याच्यावरूनच गेलो होतो.

संध्याकाळी मावशी कपाळाला हात लावून, "अरे, देवाच्या दारात तिकीट कसलं? ना त्या चर्चला, ना आमच्या भिंतीला!" मग नाण्याबद्दल ऐकून अजून भडकली. तिथे जुन्या वस्तू विकायला लायसन्स लागतं आणि देशाबाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी. म्हणजे नाणं खरं निघालं तर एअरपोर्टवर मी अडकणार आणि खोटं निघालं तर पैसे बुडाले, आणि मी चक्क ते खोटं असावं म्हणून देवाची प्रार्थना करत बसलो, कुठल्या देवाची ते विचारू नका, सकाळीच तीन धर्मांच्या दारावरून आलो होतो.

मावशीने नाणं उचललं, फ्रीजवरचं मॅग्नेट काढून त्याला लावलं. टक्कन चिकटलं. ब्राँझचं किंवा चांदीचं असतं तर चिकटलं नसतं ना. तिने ते तसंच मॅग्नेटसकट फ्रीजवर परत लावून टाकलं आणि म्हणाली, हातपाय धुवा, जेवायला बसा.