१३० मिमीचा टेबलटॉप डॉब्सोनियन, इंदूरच्या गच्चीवर चार महिने वापरून

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही एक टेलिस्कोप ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६७५ पट असं छापलेलं आणि त्या एका आकड्यावर आम्ही सगळे भुललो. आता हिशोब कळतो म्हणून सांगते. त्याचं भिंग ६० मिमीचं, फोकल लेंग्थ (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी, सोबत ४ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि ३ एक्स बार्लो, म्हणजे मॅग्निफिकेशन तिप्पट करणारं जास्तीचं भिंग. ९०० भागिले ४ म्हणजे २२५, त्याच्या तिप्पट ६७५. गणित बरोबर आहे हो, पण ६० मिमीच्या भिंगात तेवढा उजेड आणि तेवढा बारकावा येणार कुठून? ढोबळ हिशोब असा की भिंग जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट मॅग्निफिकेशनपर्यंत कामाचं, म्हणजे इथे १२० पट, त्याच्यापुढे नुसता धूसर गोळा मोठा होत जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा ट्रायपॉड, काडीसारखे पाय, फोकसच्या चाकाला बोट लावलं की चंद्र उडी मारून बाहेर. विकणाऱ्याने परत घेतला नाही. पोरगा दहा वर्षांचा, चार रात्री गच्चीवर झटला आणि मग मला म्हणाला, "मावशी, मला नाही जमत हे." ते खोकं माळ्यावर गेलं पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून ह्या वेळी सहा महिने वाचून, विचारून मगच घेतला. बजेट २५ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. शेवटी १३० मिमी आरशाचा, ६५० मिमी फोकल लेंग्थचा, म्हणजे एफ/५ चा (६५० भागिले १३०) टेबलटॉप डॉब्सोनियन घेतला, नळी दोन दांड्यांवर मागेपुढे सरकून अर्धी होते तो. ह्या मापाचे दोन-तीन कंपन्यांचे मिळतात आणि आतून सगळे साधारण सारखेच, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. फक्त आरसा पॅराबोलिक, म्हणजे परवलयी आकाराचा, आहे ना हे विचारून घ्या, एफ/५ ला गोलीय आरसा असेल तर प्रतिमा कधीच धारदार येत नाही. आणि घ्यायचा तर टेलिस्कोपचंच काम करणाऱ्या दुकानातून घ्या, सगळं विकणाऱ्या साइटवरून नको, कारण फोन केल्यावर पलीकडे कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) समजणारा माणूस हवा.

डॉब्सोनियन म्हणजे काय तर खाली लाकडी फिरता पाट, त्यावर नळी तोफेसारखी वर-खाली, डावी-उजवीकडे हाताने ढकलायची, बस. ना मोटर ना दांडे-वजनं. ही पद्धत लोकांपर्यंत आणली जॉन डॉब्सन यांनी, आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेतल्या मठात, वीसेक वर्षं साधू होते. पैसे नव्हते म्हणून भंगारातल्या काचा घासून आरसे करायचे आणि रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायचे. त्या साधेपणाचा फायदा आपल्या खिशाला होतो, कारण पैसा स्टँडमध्ये न जाता आरशात जातो. ६० च्या मानाने १३० च्या आरशात चार पटीहून जास्त उजेड येतो.

दसऱ्यानंतर हातात आला. पहिल्या रात्री तारा बघितला तर शेपटी फुटल्यासारखा, एका बाजूला ओघळलेला. घाबरू नका, प्रवासात आरसे हलतात. वडिलांच्या जुन्या ३५ मिमी रोलची प्लास्टिकची डबी शोधून काढली, तिच्या झाकणाला बरोबर मध्ये भोक पाडलं, बूड कापलं, ती फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या नळकांड्यात, अगदी फिट बसते. त्या भोकातून बघत पुढच्या छोट्या आरशाचे तीन स्क्रू ॲलन कीने थोडे थोडे फिरवायचे, मोठा आरसा पूर्ण गोल दिसेपर्यंत, मग मागचे स्क्रू. पहिल्यांदा दीड तास लागला, आता पाच मिनिटं लागतात. हे शिकायची तयारी नसेल तर हा प्रकार घेऊ नका, ७० किंवा ८० मिमीचा चांगल्या ट्रायपॉडवरचा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाचा टेलिस्कोप, घ्या, दिसेल थोडं कमी पण आरसे जुळवायची कटकट नाही.

दुसरी गोष्ट, टेबलटॉप म्हणजे टेबल पाहिजेच. प्लास्टिकची खुर्ची, घडीचं टेबल, काही चालत नाही, सगळं थरथरतं. मी सासूबाईंचा जुना जड लाकडी चौरंग पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर ठेवते आणि समोर बुटकं स्टूल घेऊन बसते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, आपल्याकडे ऑक्टोबरात तर दहा वाजेपर्यंत त्यातून वाफा निघाल्यासारखी हवा हलते आणि ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात. उशिरा बघा, आणि टेलिस्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा म्हणजे आरसा थंड होतो.

आता दिसतं काय. कोजागिरीला दूध आटत असताना सगळी आळी गच्चीवर, सगळ्यांना चंद्र बघायचा होता, आणि खरं सांगते पौर्णिमेचा चंद्र टेलिस्कोपमधून सपाट दिसतो, डोळे दिपतात, सावल्याच नसतात. लोक "छान आहे" म्हणून खाली गेले. चार दिवसांनी संकष्टी. सासूबाई ताट घेऊन चंद्रोदयाची वाट बघत बसलेल्या, समोरच्यांच्या टाकीवरून चंद्र वर आला, मी २५ मिमीचा आयपीस लावला, २६ पट, अख्खा चंद्र मावतो. कडेला सावल्या पडायला लागलेल्या. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला तर देवीचे व्रण आहेत." मग १० मिमी लावून दिला, नैवेद्य दाखवायचा राहिला, पोळ्या गार झाल्या, त्या काही हलेनात. सगळ्यात छान अष्टमीच्या आसपास, कोपर्निकस नावाचं ९३ किलोमीटर रुंदीचं विवर त्याच सुमाराला उजेडात यायला लागतं, त्याच्या पायऱ्या पायऱ्यांच्या भिंती मला मोजता आल्या.

गुरू २०२५-२६ च्या हिवाळ्यात मिथुनेत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ होता, चुकायचा प्रश्नच नव्हता. ६५ पटीला दोन पट्टे आणि चार चंद्र स्वच्छ. एका रात्री तीनच चंद्र होते, चौथा गुरूच्या मागे, आणि तासाभराने कडेला एक टिंब उगवलं. भाचा ओरडलाच. शनीबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर निराश व्हाल. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली त्यामुळे नोव्हेंबरात कडी म्हणजे गोळ्यातून आरपार खुपसलेली सुई. हा टेलिस्कोपचा दोष नाही, २०३२ पर्यंत ती वर्षागणिक उघडत जातील. मृग नक्षत्रात बाणाच्या खाली जो तेजोमेघ आहे तो आमच्या लोकमान्य नगरातून राखाडी धुक्यासारखा दिसतो, पण अमावस्येला इंदूरबाहेरच्या जानापाव डोंगराच्या बाजूला गेलो तेव्हा त्याचे पंख पसरलेले दिसले आणि आतले चार तारे वेगळे. रंग मात्र दिसत नाहीत, फोटोतला गुलाबी-निळा डोळ्याला दिसेल अशी आशा धरू नका.

फोटोंचं. इथे बहुतेक लोक फसतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे १०८ पटीला गुरू दोनेक मिनिटांत चौकटीतून सरकून जातो, हाताने ढकलत राहायचं. चंद्राला काही अडचण नाही, फोन धरणारा ॲडॉप्टर लावा, एक्सपोजर कमी करा, अप्रतिम येतो. गुरूचा मिनिटभराचा व्हिडिओ घेऊन लॅपटॉपवर ऑटोस्टॅकर्टमध्ये फ्रेम रचल्या तर पट्टे निघतात, सॉफ्टवेअर फुकट आहे. तेजोमेघ, दीर्घिका मात्र ह्याच्यावर विसरा. त्याला ध्रुवाकडे रोखलेला, मोटरने फिरणारा इक्वेटोरियल माउंट (स्टँड) लागतो आणि धड माउंट एकटाच माझ्या बजेटबाहेर. डीएसएलआर जोडायला गेले तर फोकसच होत नाही, सेन्सर पुरेसा आत जात नाही, आणि वजनाने फोकसर लवतो. मी काय केलं, भावाचा जुना कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर, ५० मिमी लेन्स, ५ सेकंदांचे शंभर फोटो मृगाचे, डीपस्कायस्टॅकरमध्ये एकत्र केले. तेजोमेघ गुलाबी आला! बघायला टेलिस्कोप आणि फोटोला कॅमेरा, असे दोन वेगळे हिशोब ठेवा, दोन्हीसाठी एकच शोधाल तर दोन्ही अर्धवट मिळेल.

तक्रारी आहेतच. फोकसर आट्यांचा आहे आणि ढिला, आयपीस डुगडुगतो, नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली आणि प्रश्न मिटला. नळी उघडी असल्यामुळे शेजारच्यांच्या एलईडीचा उजेड आत शिरतो, काळ्या ड्रॉइंग पेपरचा घेर करून दांड्यांभोवती लावला. नेम धरायचा लाल टिंबाचा फाइंडर बंद करायला विसरलं की सेल संपतो, एक जास्तीचा ठेवा. सोबतचा २५ मिमी ठीक, १० मिमी कामचलाऊ. बार्लो घेऊ नका, त्याऐवजी ६ मिमीचा ६६ अंशी, म्हणजे रुंद चौकटीचा, आयपीस घ्या, मी तोच घेतला आणि खरा फरक तिथे पडला. आणि सूर्याकडे चुकूनही नको, आयपीसला लावायचे जे सोलर फिल्टर मिळतात ते उष्णतेने तडकतात, डोळा जाईल.

भाचा आता बारा वर्षांचा. परवा मी चहा करून वर जाईपर्यंत त्याने एकट्याने चौरंग लावून, कोलिमेशन तपासून कृत्तिका चौकटीत आणून ठेवल्या होत्या. त्याची यादी तयार आहे, एप्रिलच्या अमावस्येला दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी, इंदूरहून तो तारकागुच्छ क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो, गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगमागे जाणार, म्हणून जानापावला परत जायचंय. चौरंग गाडीत न्यायची परवानगी सासूबाईंकडून त्यानेच काढलीये.