फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे मी १४२.९६ डॉलर मोजले

लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. अकरा वर्षं डीजेगिरीवर घर चालवतोय आणि मला १४२ डॉलर ९६ सेंटला गंडवलं. तेही कुणालाही फुकट मिळणाऱ्या डीजे सॉफ्टवेअरसाठी.

आधीच सांगतो, मी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, शोधत नव्हतो. अँटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्या फाइलला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. व्हर्च्युअल डीजे घरी वाजवायला फुकट आहे, पण पैसे घेऊन वाजवायचं तर प्रो लायसन्स लागतं, हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरच्या साइटवर 'व्यावसायिक वापरासाठी आजीवन लायसन्स, ५९ डॉलर' हे वाचून शंका आली नाही, उलट रीतसर वाटलं. 'सर्वांत सोपी पाच डीजे सॉफ्टवेअर' अशा एका तुलनेत ते पहिल्या नंबरला होतं. ती तुलना विकणाऱ्यांनीच लिहिलेली होती. तुलनेत आणि विक्रीच्या साइटवर संपर्काचा ईमेल एकच, पण पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. तुलना वाचायची तर तळापासून वाचा.

सॉफ्टवेअर चाललं, तिथेच घात झाला. दोन डेक, सिंक, बीटग्रिड, क्यू पॉइंट, सगळं जागच्या जागी. फक्त माझा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा बटणांचा बोर्ड, ओळखेना. सपोर्टचं उत्तर आलं की 'कंट्रोलर अनलॉक' वेगळा, २४ डॉलर. भरले. बदल्यात एक छोटी फाइल आली. जॉग व्हीलला, म्हणजे कंट्रोलरवरच्या गोल चकतीला, जरा बोट लागलं की गाणं भरकटत होतं, म्हणून ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली.

वरच्या ओळींतच 'मिक्स' लिहिलेलं होतं. शेवटी तीन एक्स असलेलं मिक्स, पुढे व्हर्जनचा आकडा. त्याखाली ते मॅपिंग (कंट्रोलरचं कुठलं बटण काय करेल ती यादी) ज्याने तयार केलं त्याचं नाव. मी ते वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं आणि जॉगची ओळ शोधत खाली गेलो, कारण सातला साउंड चेक होता आणि रात्रीची सुपारी मोठी होती. अजूनही झोपताना त्या ओळी समोर येतात. तिथे थांबून ते नाव नुसतं शोधलं असतं तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मिक्स हे डीजे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट मिळतं, वर्षानुवर्षं स्वयंसेवक ते घडवत आलेत आणि बऱ्याच कंट्रोलरची मॅपिंगं त्याच्यासोबतच येतात. मला विकलं ते त्याचंच जुनं व्हर्जन, लोगो आणि रंग बदललेलं. दुसऱ्याने फुकट वाटलेली फाइल मी २४ डॉलरला घेतली. मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, सुपारीच्या दोन तास आधी तुम्ही फाइलमधली नावं तपासत बसला असता का?

आणि मग 'अपडेट प्लॅन'. पैसे भरायच्या पानावर त्याची खूण आधीच केलेली होती. दरमहा १४.९९ डॉलर, चार महिने, म्हणजे ५९.९६. आजीवन लायसन्सला मासिक हप्ता कसला, हे पाचव्या महिन्यात कार्डाचं स्टेटमेंट नीट पाहिलं तेव्हा सुचलं. असा हप्ता ईमेलने बंद करत बसू नका. त्यांना तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. कार्डच बंद करा.

बँकेत गेलो तर म्हणे, ओटीपी तुम्हीच दिलात. पेमेंट कंपनी म्हणाली, विक्रेत्याशी बोला. विक्रेता बोलत असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? पैसे परत मागण्याचा अर्ज फेटाळला, कारण काय तर 'डिजिटल माल पोहोचला आहे'. पोलिसांच्या सायबर विभागात अडीच तास बसवून ठेवलं आणि विचारलं, "सॉफ्टवेअर मिळालं ना? चालतंय ना? मग फसवणूक कुठे झाली?" मी सांगितलं की मिक्सचं लायसन्स जीपीएल आहे. त्यात विकायला मनाई नाही, पण घेणाऱ्याला सोर्स कोड आणि लायसन्स द्यावंच लागतं, आणि इथे तर 'आमच्या टीमने बनवलेलं' असं धडधडीत खोटं छापलंय. साहेबांनी सोर्स कोड म्हणजे काय ते विचारलं, मी समजावलं, त्यांनी लिहून घेतलं नाही. रक्कम लहान आहे म्हणाले. एका कार्यक्रमाचे पैसे गेलेत माझे! आणि ५९ डॉलर भरलेला मी एकटाच असेन का?

स्वस्त आणि सोपं हवं असेल तर आधी फुकटातलं खरं काय आहे ते वापरून बघा. मिक्स त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. सेराटो डीजे लाइट फुकट आहे, रेकॉर्डबॉक्सचाही फुकट प्लॅन आहे. काही कंट्रोलरबरोबर पूर्ण सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणजे तुम्ही त्याचे पैसे आधीच भरलेले असू शकतात. कंट्रोलर बनवणाऱ्याच्या साइटवर बघा. आणि तुमचा कंट्रोलर जोडून सलग दोन तास वाजवल्याशिवाय कुणालाही एक पैसा देऊ नका.

काल बँकेचं पत्र आलं, प्रकरण बंद. मी ते पुन्हा उघडायचा अर्ज दिलाय, सोबत त्या फाइलच्या वरच्या ओळींचा स्क्रीनशॉट जोडलाय. तुमच्याकडेही असा 'अनलॉक' विकत घेतलेला असेल तर फाइल आजच नोटपॅडमध्ये उघडा आणि पावती फेकू नका.