लोगो, क्रमांक की अदृश्य खूण: वाहिनीने काय निवडावे?

छोटी वाहिनी किंवा स्वतःचे ओटीटी चालवणाऱ्याला चोरीविरुद्ध वॉटरमार्क, म्हणजे चित्रातच उमटवलेली ओळखीची खूण, हवा असतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या जातात: कोपऱ्यातला लोगो, पडद्यावर मध्येच उमटणारा सेट-टॉप बॉक्सचा क्रमांक आणि डोळ्यांना न दिसणारी खूण. लोगो कार्यक्रम कोणाचा हे सांगतो. उरलेल्या दोन्ही खुणा कार्यक्रम कोणाकडून फुटला हे सांगतात. हा फरक लक्षात न घेता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

लोगोला खर्च जवळपास नाही. चोर मात्र त्याला जुमानत नाहीत. मालिकेचा भाग उचलायचा, चित्र आरशातल्यासारखे उलटे करायचे, कडा कापायच्या आणि लोगोवर धुरकट चौकोन बसवायचा, एवढे काम मोबाइलवरही होते. तरीही लोगो काढून टाकण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 65ब नुसार हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने पुसणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मात्र त्या माहितीच्या व्याख्येतून प्रेक्षकाची ओळख पटवणारी साधने स्पष्टपणे वगळली आहेत. म्हणजे मालकाचे नाव सांगणाऱ्या खुणेला तिथे जो आधार मागता येतो, तो इतर दोन पर्यायांना नाही.

सेट-टॉप बॉक्सचा क्रमांक केबल आणि डीटीएचपुरता उपयोगी आहे. तो रिमोटने घालवता येत नाही आणि त्याची जागा बदलती ठेवता येते. परंतु दिसणारा क्रमांक चोरालाही दिसतो, म्हणून तो झाकला जातो. शिवाय क्रमांक उमटेल त्याच वेळी चोरीचे प्रक्षेपण कोणीतरी नोंदवत बसलेले असावे लागते.

अदृश्य खुणेची एक प्रचलित पद्धत अशी: प्रत्येक सहा सेकंदांच्या तुकड्याच्या दोन किंचित वेगळ्या आवृत्त्या तयार होतात आणि प्रत्येक ग्राहकाला त्यांचा वेगळा क्रम मिळतो. वीस तुकड्यांत, म्हणजे दोन मिनिटांत, दहा लाखांहून अधिक क्रम शक्य होतात, पण खराब प्रतीतून खात्रीने ओळख पटवायला त्याहून बरेच लांब चित्रण लागते. साठवण जवळपास दुप्पट होते आणि दोन खात्यांतील चित्रे मिसळणारे चोर तपास अवघड करतात. थेट क्रिकेटसाठी हा खर्च योग्य आहे, कारण तिथे चोरीचे खाते सामना संपण्याआधी बंद करता आले तरच उपयोग. रोजच्या मालिकेसाठी लोगो आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीसारखी, खुणेविनाच चित्र-आवाज जुळवणारी व्यवस्था मला पुरेशी वाटते.

प्रसारणाआधीच्या प्रतींचा विचार मात्र वेगळा करावा. ऑगस्ट 2017 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सातव्या पर्वाचा चौथा भाग आधीच फुटला, तेव्हा चित्रावर ती भारतात दाखवणाऱ्या स्टार इंडियाची खूण होती; त्या प्रकरणात चौघांना अटक झाली. नुसत्या वाहिनीच्या खुणेने प्रत कोणत्या घरची हे कळते, कोणत्या हातातून गेली हे कळत नाही. म्हणून संकलक, डबिंग करणारे, जाहिरात विभाग अशा प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचे नाव आणि तारीख चित्राच्या मधोमध, फिकट पण वाचता येईल अशी टाकावी, आणि कोणती प्रत कोणाला गेली याची नोंद एकाच माणसाकडे ठेवावी.