मेटारायझियम पावडर: गेंड्या भुंग्यावर वर्षभर वापरून बघितली

5 पैकी 4 स्टार.

आमची गुहागरकडे माडाची बाग, मोठ्या माडांचं फारसं काही नाही पण नवीन लावलेल्या रोपांना गेंड्या भुंग्याने नुसता वैताग आणला होता, सुई (शेंड्यातली न उघडलेली कोवळी झावळी) उघडली की झावळी कात्रीने कापल्यासारखी. तारेच्या आकड्याने भुंगे ओढून काढले, बेचक्यात वाळू आणि डांबरगोळ्या ठेवल्या, चार दिवस बरं की परत तेच. आणि त्याच भोकांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो आला की माड गेलाच समजा.

शेवटी शेजारचे काका म्हणाले, "अरे, गायरी उकरून बघितलीस का?" गायरी म्हणजे आमचा शेणखताचा खड्डा, तो उकरला तर आत अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या वळकटी करून पडलेल्या. पैदास सगळी तिथे आणि आम्ही माडावर औषध मारतोय.

ही पावडर म्हणजे जिवंत बुरशी, अळीच्या कातडीतून आत शिरते. घरचे म्हणाले बुरशीने काय होणार, पण प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर 1909 ला हाच भुंगा बाहेरून शिरला होता आणि 1967 मध्ये त्यांनी त्याच्यावर रोगाचा व्हायरस सोडून तो आटोक्यात आणला, म्हणजे किडीलाच रोग लावायचा हा मार्ग नवा नाही.

पहिलं पाकीट फुकट गेलं. दुकानात ते पत्र्याखाली तापत पडलेलं, त्यात जिवंत काय राहणार? दुसरं थेट लॅबमधून ताजं आणलं, पाऊस सुरू झाल्यावर पाण्यात कालवून झारीने गायरीत ओतलं आणि खत वरखाली केलं. तीनेक आठवड्यांनी उकरलं तर अळ्या कडक झालेल्या, काहींवर पांढरी बुरशी, काही गडद हिरव्या, हातात घेतली तर बोटांना हिरवी पूड लागली. खरंच खूप बरं वाटलं!

एक स्टार कापला कारण पाकिटावर एकरी प्रमाण छापलंय, खताच्या खड्ड्यात किती आणि कसं टाकायचं याबद्दल एक अक्षर नाही, आणि नेमकं तेच हवं. त्या खड्ड्यात बुरशीनाशक मात्र चुकूनही ओतू नका. आणि धीर धरा, सुईत आधीच कुरतडलेल्या झावळ्या पुढे कित्येक महिने तशाच उघडत राहतात, आमच्याकडे आत्ता कुठे अख्ख्या झावळ्या दिसायला लागल्यात. उडते भुंगे अजून येतात, काकांच्या बागेत माडाची कुजकी खोडं पडलीत त्यातून, म्हणून यावेळी जास्तीचं पाकीट आणून त्यांना दिलंय.