गावच्या दुकानांसाठी वेगळं ॲप की व्हॉट्सॲप?

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बसेनात. वरूड-मोर्शीचा संत्रा असो की भिवापूरची मिरची, गिऱ्हाईक आणि माल दोघंही आपापल्या जागी अडकले. पुन्हा तशी वेळ आली तर किराणावाल्याच्या, बचत गटाच्या हाती काय द्यावं?

वेगळ्या ॲपमध्ये तालुक्यातली सगळी दुकानं एकत्र दिसतील, शिल्लक माल आणि उधारी नोंदता येईल. हा मोठा फायदा आहे. पण ऐन संकटात ते ॲप फोनवर घ्यायला, पासवर्ड लक्षात ठेवायला शिकवणार कोण? शिवाय देखभालीचा खर्च दरमहा.

व्हॉट्सॲप आधीच फोनमध्ये आहे. ज्यांना टाइप करता येत नाही त्या आजीही बोलून पाठवतात, "काकू, दोन किलो तूरडाळ काढून ठेवजा." नेटवर्क आलं की निरोप आपोआप जातो. व्हॉट्सॲपच्याच दुकानदारांसाठीच्या बिझनेस ॲपमध्ये मालाचे फोटो भावासकट लावता येतात. मात्र पन्नास निरोपांत ऑर्डर हरवते, आणि हिशेब शेवटी वहीतच.

माझं मत व्हॉट्सॲपकडे: बचत गटातल्या एकीने रोज संध्याकाळी ऑर्डरी वहीत उतरवाव्यात. ॲप करायचंच तर शांततेच्या दिवसांत, याच बायांना सोबत बसवून.