पहिलीच नोकरी घरून : दीडेक वर्ष वापरल्यानंतर

सॉफ्टवेअर कंपनी पुण्यातली, निम्मी टीम हिंजवडीत, उरलेली आपापल्या गावी आणि मी साताऱ्यात. कॉलेज संपलं आणि थेट घरच्या टेबलावर नोकरी सुरू झाली. तेव्हा हा रिव्ह्यू फ्रेशरचा आहे असं समजूनच वाचा.

पैसे भरपूर वाचतात. वाकडला कॉटबेसिसचं भाडं नाही, मेस नाही, शैक्षणिक कर्जाचा हप्ता वेळेवर जातो. लाईट गेली की लॅपटॉप चालतो पण वायफाय जातं, म्हणून राउटरला छोटा यूपीएस घ्याच. शेजारच्या काकू अजून आईला विचारतात, "लागला का कुठे?" त्यावर उपाय सापडलेला नाही.

खरा घोळ शंका विचारण्यात आहे. ऑफिसात खुर्ची वळवून "हे काय रे?" म्हटलं की काम झालं. चॅटवर आधी "बिझी आहेस का?", मग स्क्रीनशॉट, मग उत्तराची वाट. त्यापेक्षा नकोच, म्हणून अख्खी दुपार एका एररमध्ये जाते. लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, भला माणूस आहे, कॉल उचलतो. पण प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंट वापरतो त्या चालू सिस्टिमवर, काही बंद पडलं की तो आधी कुठला लॉग (सिस्टिमच्या नोंदींची फाइल) उघडतो, क्लायंटला काय सांगतो, काय गिळतो, हे मला कधी दिसलंच नाही.

इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या अर्थतज्ज्ञांनी एका बड्या अमेरिकी कंपनीतले सॉफ्टवेअर इंजिनिअर तपासले होते. विखुरलेल्या टीमपेक्षा एकाच इमारतीत बसणाऱ्या टीममध्ये सहकाऱ्यांकडून कोडवर जास्त शेरे मिळायचे, विशेषतः नवख्यांना. २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली आणि हा फरक बराचसा मिटला. एक जण जरी लांब असला तरी जवळ बसलेल्यांचेही शेरे घटतात, हे वाचून मला आमची टीमच आठवली. शिवाय ज्युनिअर जवळ असले की सीनिअरच्या हातून स्वतःचं काम कमी होतं. सीनिअर मंडळींना वर्क फ्रॉम होम इतकं का आवडतं, ते तिथे कळलं!

हल्ली आठवड्यातून काही दिवस मी पुण्यात असतो. खंबाटकी घाट, कात्रजचं ट्रॅफिक, सगळं सोसून. चहाच्या टपरीवर आमच्या बिलिंग मॉड्यूलचा इतिहास ऐकला, जो कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नाही. पाचही दिवस जावं असं मात्र मला वाटत नाही.

फ्रेशर असाल तर पूर्ण रिमोटला माझे पाचपैकी दोन. ऑफर घेताना ऑफिसचे दिवस किती एवढंच विचारू नका, लीड कुठे बसतो तेही विचारा. माझ्या मैत्रिणीचा लीड बंगळुरूत आहे. ती रोज बाणेरच्या ऑफिसात जाऊन, हेडफोन लावून, त्याच कॉलवर बसते आणि वर भाडं पुण्याचं भरते.