कॉस्टिक सोडून द्यायचं की साठवायचं?

नवीन सीआयपी, म्हणजे टाक्या-पाईप न उघडता जागेवरच आतून धुणारी यंत्रणा, घेताना बाकीचं सगळं ठरतं, पण एका प्रश्नापाशी गाडी अडते: कॉस्टिक (धुण्याचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) एका फेरीनंतर सांडपाण्यात सोडून द्यायचं, की टाकीत परत घेऊन पुढच्या लाईनला वापरायचं? मी दोन्हींवर काम केलंय, अजूनही करतो.

कागदावर पुनर्वापर जिंकतो. दीड टक्क्याचं कॉस्टिक ७५ अंशांवर तयार असतं, लाईन मोकळी झाली की फेरी सुरू. सोडून देण्याच्या पद्धतीत दर वेळी थंड पाण्यापासून सुरुवात. त्यात कॉस्टिक मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपात हवा अडकली, तर नुसतं गरम पाणीच फिरत बसतं. अर्थात कंडक्टिव्हिटी (द्रावणाची वीजवाहकता, तिच्यावरूनच मीटर तीव्रता दाखवतो) वर चढत नाही, त्यामुळे ही चूक पाच मिनिटांत उघडी पडते.

पुनर्वापरातली चूक अशी उघडी पडत नाही, आणि मला वैताग आला तो त्याचाच. एकदा ढवळणीच्या पात्यामागचा स्वॅब (पुसून घेतलेला स्वच्छतेचा नमुना) लागोपाठ तीन वेळा नापास झाला. आत फवारा मारणारा स्प्रे बॉल उघडून पाहिला, भोकं मोकळी. प्रवाह, वेळ, तापमान बरोबर. मीटरवर दीड टक्का. शेवटी टाकीतलं कॉस्टिक टायट्रेट केलं, म्हणजे ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब घालून मोजलं. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग अपेक्षेच्या आधीच गेला, आणि पुढे दुसरा दर्शक, मिथिल ऑरेंज, रंग बदलेपर्यंत ब्युरेट उतरतच राहिली. दोन रंगांमधलं हे जास्तीचं आम्ल कार्बोनेटमुळे लागतं, म्हणजे टाकीत कार्बोनेट साचलं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक खात होता, उरलेलं चरबीचा साबण करण्यात खर्ची पडत होतं. कार्बोनेटही वीज वाहून नेतं, क्षारही नेतात. मीटरला त्यांतला फरक कळत नाही. टाकी रिकामी केली तेव्हा तळाशी तपकिरी, बुळबुळीत गाळ होता.

रोज टायट्रेशन करा, टाकी वेळेवर बदला, असं कुणीही म्हणेल. खरं आहे. पण तिसऱ्या पाळीत, दोन लाईन खोळंबलेल्या असताना ब्युरेट कोण हातात घेतं, हे आपण सगळेच जाणतो.

तुमच्याकडे एकाच उत्पादनाच्या बऱ्याच लाईन दिवसभर धुतल्या जात असतील, प्रयोगशाळा हाताशी असेल, तर पुनर्वापरच परवडेल. तिथे मी आग्रह धरणार नाही. ॲलर्जीकारक घटक असलेलं आणि नसलेलं उत्पादन एकाच संचातून जात असेल, तर मात्र आधीच्या लाईनची घाण पुढच्या लाईनवर फिरवायला माझा हात धजत नाही.

माझ्या अखत्यारीतल्या संचावर आम्ही कॉस्टिक सोडूनच देतो. सांडपाण्याच्या पीएचवरून सांडपाणी प्रक्रियेकडच्या माणसाची बोलणी खावी लागतात. वाहिनीवर समतोल टाकी (सांडपाणी साठवून एकसारखं करणारी) बसवल्यापासून जरा कमी. शेवटच्या रिन्सचं (खळबळण्याचं) पाणी तेवढं साठवतो, ते पुढच्या फेरीच्या पहिल्या रिन्सला जातं.